कमेंटमध्येच सुटलेल्या प्रश्नाचं काय करायचं?

गेल्या चवथीच्या आधीची गोष्ट. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या घुमट आरती स्पर्धेची प्रशस्तिपत्रं छापायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नावं एक्सेलमध्ये होती, म्हणून पायथनमध्ये वीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि पिलो लायब्ररीकडून नावं चित्रावर उमटवायचं ठरवलं. पहिलं पान उघडलं तर 'प्रथम'मधला र पाय मोडलेल्या प शेजारी अख्खाच्या अख्खा उभा. 'द्वितीय'ची वेलांटी तर व ला सोडून पुढच्या त कडे सरकलेली. तीन फॉन्ट बदलून पाहिले, उपयोग शून्य. रात्री साडेअकराला स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रॅमर एकमेकांना अडचणी विचारतात त्या साइटवर, प्रश्न टाकून झोपलो. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पों पों ऐकून उठलो, तर प्रश्नाखाली कुणाची तरी एका ओळीची कमेंट: रॅक्म चालू आहे का बघा, बहुधा फ्रीबिडी सापडत नसेल.

तेच निघालं. देवनागरीची जोडाक्षरं नीट लावायला पिलोला लिबरॅक्म (हीच ती रॅक्म, अक्षरांची मांडणी करणारी लायब्ररी) लागते आणि लिबरॅक्मला हार्फबझ व फ्रीबिडी या आणखी दोन. त्यातलं काही कमी असेल तर पिलो तक्रार न करता साध्या मांडणीवर उतरतो आणि अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक ठेवत जातो. फ्रीबिडीची फाइल जागेवर टाकली, प्रशस्तिपत्रं छापली, मी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मांडणीचं) सामान आणायला गेलो. प्रश्न मात्र तिथे 'अनुत्तरित' म्हणून लटकत राहिला.

अशा वेळी चार वाटा असतात: तसाच सोडणं, उत्तर लिहिणं, 'कम्युनिटी विकी' करणं, किंवा बंद करून काढून टाकणं.

तसाच सोडणं सगळ्यात सोपं, आणि बहुतेक जण तेच करतात. आपल्याकडे कचेरीतलं काम कसं होतं ते तिंट्यावर (गावच्या नाक्यावर) कळतं, लेखी कुठे सापडत नाही. त्यातलाच हा प्रकार. पण या साइटवर कमेंट ही मुळातच तात्पुरती चिठ्ठी धरलेली आहे. ती 600 अक्षरांपलीकडे जात नाही, पाच मिनिटांनंतर लिहिणाऱ्याला स्वतःलाही सुधारता येत नाही, चुकीची असली तरी तिला उणे मत देता येत नाही आणि मॉडरेटर ती कधीही पुसू शकतो. साइटच्या स्वतःच्या शोधात कमेंटमधला मजकूर येतही नाही. उद्या दुसऱ्या कुणाची वेलांटी अशीच भरकटली तर त्याला माझा प्रश्न सापडेल, खाली शून्य उत्तरं दिसतील आणि तो पुढे जाईल. शिवाय उत्तर नाही, मत नाही, फारसं कुणी पाहिलेलं नाही आणि एकापेक्षा जास्त कमेंट नाही, असा प्रश्न 365 दिवसांनी साइट आपोआप पुसते. म्हणजे प्रश्नासोबत ती एका ओळीची कमेंटही वर्षभरात जाणार. माझ्या मते ही वाट फक्त आळसाची आहे.

उत्तर लिहिण्यात लोक अडखळतात ते संकोचामुळे. उपाय दुसऱ्याने सांगितला, मी कसा लिहू, श्रेय लाटल्यासारखं दिसेल. संकोच बरोबर आहे, निष्कर्ष चूक. आधी त्याच माणसाला कमेंटमध्ये सांगायचं: तुमचा उपाय लागू पडला, उत्तर म्हणून टाका, मी स्वीकारतो. (गुण म्हणजे साइटवर मतांतून साठणारी पत. स्वतःच्या प्रश्नाखाली कमेंट करायला 50 गुणांची अट नाही.) त्याने लिहिलं तर उत्तम, स्वीकारलेल्या उत्तराचे त्याला 15 गुण मिळतात, स्वीकारणाऱ्याला 2. एक-दोन दिवस गेले आणि काही हालचाल नाही, तर बिनधास्त स्वतः लिहावं आणि पहिल्याच ओळीत त्याचं नाव घ्यावं. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असतो. श्रेय देऊन तो वापरायला परवानगी आहेच. आपलंच उत्तर स्वीकारायला मात्र प्रश्न टाकल्यापासून दोन दिवस थांबावं लागतं, आणि त्याचे गुण मिळत नाहीत.

आणखी एक फायदा मला लिहायला बसल्यावरच कळला. कमेंट एका ओळीची होती. उत्तर लिहिताना रॅक्म चालू आहे की नाही हे कोणत्या आज्ञेने तपासायचं, घरच्या लिनक्सवर सगळं ठीक असताना कामाच्या ठिकाणच्या विंडोजवर का बिघडलं, फाइल नेमकी कुठे ठेवली, हे सगळं मांडावं लागलं. 'द्वितीय'ची आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी शेजारी लावली. देवनागरी न वाचणाऱ्यालाही फरक दिसतो.

कम्युनिटी विकी ही मधली वाट. उत्तर लिहायचं, पण त्यावर 'हे एकट्याचं नाही, सगळ्यांचं' अशी ती खूण करायची. मग मतं पडली तरी गुण कुणालाच जात नाहीत आणि 100 गुणांचा माणूसही ते थेट सुधारू शकतो, एरवी त्याला 2000 लागतात. ज्यांना 'दुसऱ्याच्या उपायावर गुण नकोत' असं मनापासून वाटतं त्यांनी खुशाल करावं. तिऱ्हाईत वाचक कमेंटमधला उपाय उचलून उत्तर लिहीत असेल, तर त्याला ही वाट विशेष शोभते. मी स्वतः केली नाही. चित्रं काढून, दोन मशीनवर तपासून लिहिलेलं उत्तर नुसतं उचललेलं राहत नाही, असं मला वाटतं.

काढून टाकणं वाईट नाही, फक्त त्याची जागा वेगळी. फाइलच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, स्वल्पविराम राहिला होता, किंवा मशीन पुन्हा चालू केल्यावर भूत पळालं, अशा प्रश्नाचा दुसऱ्याला काडीचा उपयोग नाही. 'पुन्हा घडवता येत नाही किंवा टायपिंगची चूक' असं बंद करण्याचं कारणच तिथे ठेवलेलं आहे. त्यासाठी 3000 गुणांच्या तीन जणांची मतं लागतात. तुमचाच प्रश्न असेल आणि कुणी उत्तर लिहिलं नसेल तर थेट पुसता येतो. मात्र सवय लावून घेऊ नका. पुसलेले प्रश्नही तुमच्या खात्यात मोजले जातात आणि फार झाले तर नवा प्रश्न विचारायलाच बंदी येते.

शीर्षकापुढे 'सुटला' लिहून मोकळं होणारेही भेटतात. ते करू नका. कुणीतरी येऊन खोडतोच, आणि यादीत प्रश्न अनुत्तरितच राहतो.

ज्या साइटवर कमेंट आणि उत्तर असा भेदच नाही, तिथे ही डोकेदुखी नाही. डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या चर्चामंचावर सोय चालू असेल तर कुठल्याही प्रतिसादावर 'उपाय' अशी खूण करता येते, काम झालं. व्हॉट्सॲप ग्रुपवर सुटलेलं मात्र आठवड्यात गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जातं, तिथून ते स्वतःच उचलून ठेवावं लागतं.

ठरवताना मी आता एवढंच बघतो की हीच अडचण अनोळखी माणसाला येईल का. येणार असेल तर उत्तर. माझाच वेंधळेपणा असेल तर पुसायचा. चवथीत मी कमेंट करणाऱ्याला दोन दिवस दिले, तो फिरकला नाही. पाच दिवसांचे गणपती पोचवून आलो आणि त्याच रात्री उत्तर लिहिलं. चार दिवसांनी त्याचीच त्याखाली कमेंट आली: मॅकवर फाइलचं नाव वेगळं असतं, तेही घाला. घातलं.