अस्तर जाळायचं, मिरेना बसवायची की पिशवीच काढायची?

चाळिशीच्या आसपास पाळीत अंगावरून फार जायला लागलं, गुठळ्या पडायला लागल्या, हिमोग्लोबिन घसरलं आणि गोळ्यांनी भागेना, की डॉक्टर साधारण तीन वाटा सांगतात: मिरेना म्हणजे गर्भाशयात (पिशवीत) बसवायची, हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू, ॲब्लेशन म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर जाळणं, किंवा पिशवी काढणं. घरातून मात्र बहुधा एकच सल्ला येतो, "मुलं झाली ना, मग टाक काढून." ही घाई मला पटत नाही. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्या गेल्या आणि २०१९ मध्ये सरकारला त्यावर चौकशी समिती नेमावी लागली.

ॲब्लेशनबद्दल सगळ्यात कमी सांगितलं जातं, म्हणून ते आधी. यात चीर नाही, टाके नाहीत. खालूनच उपकरण आत घालून गरम द्रव भरलेल्या फुग्याने किंवा रेडिओलहरींनी अस्तर जाळतात. भूल देतात, पण बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. पहिला दिवस ओटीपोटात पाळीसारख्या कळा, थोडी मळमळ, सारखी लघवीला. त्यानंतर दोन-चार आठवडे पाणचट, गुलाबी-लालसर स्राव जात राहतो. तो पाहून घाबरायला होतं, पण तो अपेक्षितच असतो. तेवढे दिवस पॅडच वापरा, कप नको, संबंधही नकोत. ताप, घाण वास किंवा वाढत जाणारं दुखणं असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पहिल्या एक-दोन पाळ्यांवरून निकाल लावू नका, तीनेक महिने जाऊ द्या.

बहुतेकींचं रक्त बरंच कमी होतं, काहींची पाळी थांबते. पण "पाळी बंदच होणार" असं धरून जाल तर निराशा होईल. पाचेक वर्षांत साधारण पाचातल्या एकीला पुन्हा काहीतरी करून घ्यावं लागतं, आणि वय चाळिशीच्या आत असेल तर ही शक्यता वाढते, कारण पाळी जायला अजून बरीच वर्षं असतात. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्यांनी एक गोष्ट जरूर विचारावी: शिल्लक अस्तरातलं रक्त आत अडकून दर महिन्याला पोट दुखू शकतं. ऑपरेशन झालेलं नसेल तर गर्भनिरोधक चालू ठेवावंच लागतं, कारण ॲब्लेशननंतर दिवस राहिले तर ते आई आणि बाळ दोघांसाठी धोक्याचं असतं. पुढे मूल हवं असेल, तर हा मार्ग नाहीच.

मिरेना ओपीडीतही बसते, पाच वर्षं काम करते, नको झाली की काढता येते आणि गर्भनिरोधनही होतं. त्रास सुरुवातीचे तीन ते सहा महिने, कधीही थोडंथोडं डाग लागत राहतात. कित्येकजणी याच काळात वैतागून ती काढून टाकतात, आणि मला ते फार वाईट वाटतं, कारण फायदा त्यानंतरच दिसतो.

पिशवी काढली की पाळीचा प्रश्न कायमचा मिटतो, हे खरं. पण ते मोठं ऑपरेशन आहे. सहा आठवडे भरलेली कळशी, सिलिंडर, कडेवर नातवंड, काही उचलायचं नाही. अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. मोठ्या गाठी, पिशवी सुजून होणारं असह्य दुखणं किंवा बायोप्सीत, म्हणजे अस्तराचा तुकडा तपासल्यावर, पेशींचे बदल दिसले, तर मात्र हाच मार्ग योग्य ठरतो.

माझं मत विचाराल तर चाळिशीच्या आत आधी मिरेना. पंचेचाळिशीच्या पुढे, पिशवीचा आकार ठीक, तक्रार दुखण्याची नाही तर रक्तस्रावाची, अशा बाईला ॲब्लेशन चांगलं. फक्त बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. अस्तर एकदा जाळलं, की पुढे आत काही वाईट वाढत असेल तर ते शोधणं अवघड जातं.