‘बारा जीबी’चा मोठा फोन: इंदूरच्या एका काउंटरवर काय काय बदललं

इंदूरच्या लोकमान्यनगरातलं घर. वडिलांचा फोन धाप टाकत होता आणि दिवाळीआधी नवा घ्यायचा होता. मुलानं दोन पर्याय कागदावर लिहून दिले होते. एक अकरा हजारांच्या आसपासचा, ४ जीबी रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती जागा) आणि ६४ जीबी स्टोरेजचा (फोटो-व्हिडिओ साठवायची जागा). दुसरा वीस हजारांच्या आतबाहेरचा, मोठ्या स्क्रीनचा, ८ जीबी आणि १२८ जीबीचा. जेल रोडकडच्या बाजारातून घरी आला तो तिसराच. सतरा हजारांचा, दिसायला मोठा, आतून अकरा हजारांच्या लायकीचा, आणि पाच महिने आधीच चालू केलेला.

फोन नकली नव्हता. कंपनी खरी, खोका खरा, आयएमईआय, म्हणजे फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, तोसुद्धा खरा. म्हणून तर तीन आठवडे कोणाला संशय आला नाही. नकली माल ओळखायला लोक आता शिकलेत, त्यामुळे लबाडी सरकली आहे ती ‘कोणता घ्यायचा’ आणि ‘बिल फाडा’ यांच्या मधल्या पंधरा मिनिटांत.

सुरुवात नेहमीची. कागदावरचं महाग मॉडेल ‘संपलेलं’ असतं. ‘वो तो परसों ही निकल गया अंकल, उससे बढ़िया दिखाता हूँ. स्क्रीन भी बड़ी, बारह जीबी, और तीन हज़ार कम.’ समोर येणाऱ्या फोनचं नाव कागदावरच्या नावासारखंच असतं, फक्त शेवटचं शेपूट वेगळं. आजकाल एकाच नावाखाली ४जी, ५जी, लाइट, प्रो, प्रो प्लस अशी भावंडं निघतात आणि त्यांच्यात प्रोसेसर, स्क्रीन, कॅमेरा सगळंच बदलतं. त्यामुळे नावावर जाऊच नये. खोक्याच्या लेबलावर मॉडेल नंबर असतो, अक्षरं आणि आकडे मिळून. तो जसाच्या तसा मोबाइलवर शोधला की दोन मिनिटांत खरी यादी आणि चालू भाव दिसतो. काउंटरवर उभं राहून हे करायला लाजायचं कारण नाही.

‘बारा जीबी’चं गणित असं: ४ जीबी खरी रॅम आणि ८ जीबी व्हर्च्युअल. व्हर्च्युअल म्हणजे फोनच्या स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरायचा. मागे पडलेल्या अ‍ॅपचा पसारा तिकडे ढकलला जातो. पण स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू चालतं, त्यात स्वस्त फोनमध्ये बहुधा ईएमएमसी जातीचं असतं. त्यात एका वेळी एक तर वाचणं होतं किंवा लिहिणं. महाग फोनमधलं यूएफएस दोन्ही एकदम करतं. शिवाय ते ८ जीबी आकाशातून येत नाहीत, तुमच्याच ६४ किंवा १२८ जीबीमधून कापले जातात. अँड्रॉइड आणि कंपनीची अ‍ॅप आधीच पंधरा-वीस जीबी अडवून बसलेली असतात. ६४ जीबीच्या फोनवर हे सगळं वजा केलं की हाती उरतात चाळीसच्या आसपास, आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शुभेच्छांचे व्हिडिओ.

रॅम कमी पडल्याची खूण वेगाच्या आकड्यांत शोधू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ओटीपी मागितला, तो बघायला मेसेजमध्ये गेलात आणि परत आलात, तर अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून लॉगिन मागतं. खरी रॅम अपुरी असली की हे दिवसातून चारदा होतं. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ या पानावर रॅम ‘४ जीबी + ८ जीबी’ अशी दिसते. अधिकच्या चिन्हाच्या डावीकडचा आकडा तेवढा आपला.

आता ‘मोठी स्क्रीन’. इंच मोजले जातात तिरके, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. जुने ५.५ इंची फोन १६:९ प्रमाणाचे होते आणि त्यांच्या स्क्रीनची रुंदी साधारण ६८.५ मिलिमीटर होती. आजचा २०:९ प्रमाणाचा ६.७ इंची फोन घ्या, रुंदी भरते ७० मिलिमीटरच्या आत. म्हणजे १.२ इंच ‘वाढलेली’ स्क्रीन रुंदीला दीड मिलिमीटरही देत नाही. बाकी सगळी वाढ लांबीत. वडीलधाऱ्यांना अक्षर मोठं दिसावं म्हणून मोठा फोन घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं: एका ओळीत मावणारी अक्षरं जवळपास तेवढीच. अक्षर मोठं करायला सेटिंग्जमध्ये फॉन्ट साइज आणि डिस्प्ले साइज आहे, अकरा हजारांच्या फोनमध्येही आहे, फुकट आहे.

मोठ्या स्क्रीनचे पैसे वसूल होतात ते ठिपके (पिक्सेल) जास्त असतील तेव्हाच. एचडी प्लस म्हणजे ७२० × १६००, फुल एचडी प्लस म्हणजे १०८० × २४००. दुसऱ्यात ठिपके सव्वादोनपट. ६.७ इंचांवर पहिल्याचे इंचाला २६२ ठिपके पडतात, दुसऱ्याचे ३९३. स्क्रीन मोठी आणि ठिपके तेवढेच राहिले तर उलट बारीक देवनागरी अक्षराच्या कडा फुटतात, जोडाक्षरं आणि रफार आधी. विकणारा ‘एचडी है ना’ म्हणतो आणि ते खोटंही नसतं. यावर एक सोपी युक्ती आहे: त्याच फोनवर स्क्रीनशॉट काढा, गॅलरीत उघडा, तपशील बघा. लांबी-रुंदीचे आकडे तिथे लिहिलेले येतात. रुंदी ७२० दिसली तर वीस हजारांचा विषय तिथेच संपला. स्क्रीन अ‍ॅमोलेड (जिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) असल्याचा दावा असेल तर पूर्ण काळं चित्र लावून काउंटरखालच्या अंधारात धरा. अ‍ॅमोलेडचा काळा विझलेला दिसतो, एलसीडीचा राखाडी उजळतो.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच की ५० मेगापिक्सेलचा सेन्सर सर्वसाधारणपणे चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, आणि शेजारच्या २ मेगापिक्सेलच्या भिंगांना भाव देऊ नका. ती बहुतेक वेळा पाठ भरलेली दिसावी म्हणून असतात.

खरा घात झाला तो सील काढताना. ‘लाइए, स्क्रीनगार्ड लगा देता हूँ’ म्हणत खोका काउंटरच्या खाली गेला आणि उघडूनच वर आला. तो फोन काही महिने शोकेसमध्ये डेमो म्हणून चालला असावा. वॉरंटी अनेक कंपन्यांकडे बिलाच्या तारखेवर मिळते, पण बिल नसेल तर फोन पहिल्यांदा इंटरनेटला लागला तो दिवस धरला जातो. इथे बारा महिन्यांपैकी पाच आधीच उडाले होते. खोका आणि फोन एकाच जोडीचे असल्यामुळे आयएमईआय जुळत होता, त्यामुळे नेहमीची तपासणी इथे पास झाली असती.

म्हणून दोन तपासण्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली ओळखीची. डायलरवर *#०६# दाबा, येणारे दोन्ही आयएमईआय खोक्याशी आणि बिलाशी ताडून बघा. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. दूरसंचार विभागाची ही सोय फोनची कंपनी आणि मॉडेल सांगते. काळ्या यादीतला, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असलेला असं उत्तर आलं तर फोन तिथेच ठेवून निघा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरही हेच बघता येतं. दुसरी तपासणी वयाची. कंपनीच्या सेवा पानावर आयएमईआय टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघा, पैसे देण्याआधी आणि सील तोडण्याआधी. खोक्यावर आयएमईआय छापलेला असतोच, त्यासाठी फोन चालू करावा लागत नाही. नव्या फोनला ‘अजून सुरू नाही’ किंवा पूर्ण मुदत दिसायला हवी. सील मात्र स्वतःच्या हातानं, काउंटरच्या वर, दुसऱ्या मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून तोडायचं. पहिल्यांदा चालू होताना फोननं भाषा विचारली पाहिजे. थेट वॉलपेपर दिसला तर तो आधी कोणाच्या तरी हातात गेला आहे.

५जी म्हणून पैसे मोजत असाल तर आपल्या सिमवर ते चालतं का हे तिथेच बघा. जिओचं ५जी स्टँडअलोन पद्धतीचं आहे, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं; एअरटेलनं सुरुवात नॉन-स्टँडअलोननं, म्हणजे ४जीच्या आधारानं केली. काही स्वस्त ५जी फोन फक्त पहिल्या पद्धतीला धरतात. खोक्यावर ५जी, फोनमध्ये ५जी, आणि सिम टाकल्यावर वर ४जीच, ही तक्रार तिथून येते.

आणि बिल. हातात आली ती कच्ची चिठ्ठी: ‘मोबाइल ब्लॅक १२ जीबी, १ नग, १७०००’. पक्कं मागितल्यावर ‘जीएसटी अलग लगेगा’. खोक्यावरची एमआरपी सर्व करांसहित असते. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो त्या किमतीच्या पोटातच असतो. एमआरपीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे, पण एमआरपीपेक्षा कमी घेतलं म्हणजे स्वस्त दिलं असंही नाही. या फोनवर १८,९९९ छापलेले होते आणि तोच ऑनलाइन बाराच्या आसपास मिळत होता. ‘दो हज़ार छोड़ दिए’ हे वाक्य छापील किमतीशी तोललं की गोड लागतं, चालू भावाशी तोललं की पाच हजारांचा खड्डा दिसतो.

पक्क्या बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असतो, अक्षरं आणि आकडे मिळून पंधरा. मध्य प्रदेशातल्या नोंदणीचा तो २३ नं सुरू होतो. २७ दिसला तर नोंदणी महाराष्ट्राची, २४ दिसला तर गुजरातची, आणि मग हा माल इथे कसा हे विचारायचा हक्क आहे. त्याखाली पूर्ण मॉडेल नंबर, खरी रॅम आणि स्टोरेज, दोन्ही आयएमईआय. बाजारातले नीट धंदा करणारे दुकानदार हे न मागता लिहून देतात, आणि त्यांची संख्या कमी नाही. टाळाटाळ सुरू झाली की दुकान बदला, जेल रोडवर दुकानांचा तुटवडा नाही.

हप्त्यांनी घेणाऱ्यांसाठी एक हिशेब, उदाहरणादाखल. रोख भाव १६,५००. ‘झीरो कॉस्ट’मध्ये किंमत १७,९९९: आधी २,९९९ भरा, मग १,५०० चे दहा हप्ते. त्यावर प्रोसेसिंग फी ४९९ आणि तिच्यावर जीएसटी मिळून ५८९. शिवाय न विचारता जोडलेला स्क्रीनचा विमा १,१९९. एकूण १९,७८७. व्याज शून्य लिहिलंय आणि ३,२८७ जास्त गेलेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाबरोबर मुख्य बाबींचं विवरण देणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलं आहे. त्यात वार्षिक खरा दर आणि प्रत्येक फी लिहिलेली असते. टॅबलेटवर बोट उमटवून घेण्याआधी ते पान मागा, आणि विमा नको असेल तर तेव्हाच काढायला लावा. नंतर तो काढणं जिकिरीचं होतं, फोन नंबर तेवढे मिळत राहतात.

या घरानं पैसे यूपीआयनं दिले होते, तेही दुकानाच्या नावाऐवजी कोणा व्यक्तीच्या नावावरच्या क्यूआरवर. तरी बारा आकडी व्यवहार क्रमांक राहिला आणि तो कामाला आला. दुकानदार म्हणत होता, ‘खुलने के बाद वापस नहीं होता’. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जुना किंवा वापरलेला माल नवा म्हणून विकणं, बिल न देणं, आणि सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं, या तिन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथेत मोडतात. भिंतीवर ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ रंगवलं म्हणून कायदा बदलत नाही. पण त्या तीस दिवसांमुळे घाई करावी लागते. इथे तीन आठवडे तसेच गेले होते.

आधी दुकानाला लेखी कळवायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, फोन केल्याचा पुरावा राहत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि मुदत दोन वर्षांची आहे. चोरलेला फोन निघाला तर प्रकरण पोलिसांकडे जातं, तो स्वतःजवळ ठेवून वापरत राहू नका.

कागदांत सगळ्यात जड ठरला तो अधिकृत सेवा केंद्राचा जॉबशीट, म्हणजे फोन जमा करताना मिळणारा नोंदीचा कागद. फोन स्लो चालतो म्हणून तिथे नेला, तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं वॉरंटी सहा महिन्यांच्या आसपास उरल्याचं तोंडी सांगितलं. तेवढ्यावर परतू नका. मॉडेल नंबर, आयएमईआय आणि फोन पहिल्यांदा सुरू झाल्याची तारीख शीटवर लिहून मागा, शिक्का घ्या. शीटवर देत नसतील तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून हीच तारीख विचारा, उत्तर लेखी येतं. ती तारीख आणि यूपीआयची तारीख शेजारी ठेवल्या की मधले पाच महिने दुकानालाच समजावून सांगावे लागतात.