तीन दिवसांत थांबलेली गुडघेदुखी

गेल्या वर्षी सांगलीत एका रुग्णालयाबाहेर आईच्या गुडघ्यांचे एक्स-रे घेऊन आम्ही रिक्षाची वाट पाहत असताना, एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने "मावशी, माझ्या आईचेही असेच होते" असे म्हणत बोलणे काढले आणि एका वैद्यांचा पत्ता दिला. तो त्यांचाच माणूस असावा, हे आता उमगते.

तेथे नाडीपरीक्षा झाली आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या तपकिरी चूर्णाच्या साठ पुड्या ९,००० रुपयांना मिळाल्या. पावती मागितली तेव्हा "जडीबुटीची कसली पावती, ताई?" एवढेच उत्तर आले. मी बँकेत नोकरी करते, कागद तपासणे हेच माझे काम. तरीही "आयुर्वेदिकच आहे, अपाय तर होणार नाही" हे वाक्य आईला मीच ऐकवले.

तिसऱ्या दिवशी आई न थांबता जिना चढून गच्चीवर गेली. दोन महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला, भूक वाढली, शेजारणी तब्येत सुधारली म्हणू लागल्या. उपाशीपोटीची साखर १३० वरून २८० वर गेली, त्याचा दोष आम्ही आंब्यांना दिला. पुड्या संपल्या तेव्हा ते दुकान बंद झालेले होते. चार दिवसांत आईला उलट्या आणि चक्कर सुरू झाली.

तसेच चूर्ण मिळावे म्हणून मी गावातल्या नोंदणीकृत वैद्यांकडे गेले. आईला पाहताच ते म्हणाले, "आमच्या औषधाने संधिवाताला तीन दिवसांत असा उतार पडत नाही. यात स्टेरॉइड असणार, आजच फिजिशियनकडे न्या." गोल चेहरा, वाढलेली भूक आणि साखर ही त्या स्टेरॉइडचीच देणगी होती; बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी करते आणि ते एकाएकी थांबले तर जिवावर बेतू शकते, हे तेथे कळले. म्हणून स्टेरॉइडचीच गोळी मोजून देत, कित्येक आठवड्यांत ती कमी करावी लागली.

बाजारातल्या तयार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच आणि परवाना क्रमांक असावा लागतो. आमच्या पुडीवर होती ती शेअर बाजाराची बातमी. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला गेले, तेव्हा हाती पावती नव्हतीच, केवळ मिसळणाच्या डब्यामागे राहिलेली एक पुडी होती.

आईच्या मैत्रिणी मात्र अजूनही त्या वैद्यांचा पत्ता विचारतात, कारण त्यांना आठवते ती गच्चीवर चढून आलेली आई.