ओट्याखाली ओव्हन : परभणीतल्या लहान स्वयंपाकघरात दहा महिने

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या घरी बिल्ट-इन ओव्हन बसला, तोही गॅसच्या हॉबच्या, म्हणजे ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या, बरोबर खाली. आता जून लागलाय. पावसाळा, दिवाळी, थंडी आणि परभणीचा उन्हाळा असं सगळं या ओव्हनने बघितलं, म्हणून आता लिहायला बसले. घ्यायच्या आधी मी खूप शोधलं, पण जे सापडलं ते मोठ्या शहरांतल्या तयार मॉड्युलर किचनबद्दल होतं. कडप्प्याचा जुना ओटा, खाली कडप्प्याचेच उभे कप्पे, नऊ बाय सातचं स्वयंपाकघर आणि दिवसातून दोनदा जाणारी लाइट, अशा घरात काय होतं ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

ओव्हन साधाच आहे, सत्तर लिटरच्या आसपासचा, विजेवर चालणारा, जास्तीत जास्त २.९ किलोवॅट घेणारा. खाली-वर कॉइल, मागे पंखा. त्याच्या भाजण्याबद्दल माझी तक्रार नाही. डोकं खाल्लं ते जागेने.

दुकानात मला सांगितलं होतं, "मॅडम, साठ सेंटिमीटरचा आहे, कुठल्याही ओट्याखाली बसतो." मी विश्वास ठेवला, पैसे भरले. ओव्हन घरी आला, दोन दिवसांनी फिटिंगचा मुलगा आला, वाकून बघितलं, टेप लावला आणि "जागा कमी आहे" म्हणून निघून गेला. पुढचे अकरा दिवस पस्तीस किलोचं ते खोकं आमच्या बैठकीत देव्हाऱ्याशेजारी पडून होतं. म्हणून पहिली विनंती हीच, की पैसे भरायच्या आधी स्वतः टेप घेऊन ओट्याखाली बसा. रुंदी सगळे मोजतात. घोळ उंचीत होतो.

आमचा हिशोब सांगते, म्हणजे कळेल. ओटा जमिनीपासून ३२ इंच. वरचा ग्रॅनाइट आणि त्याखालची कडप्पा मिळून २ इंच, राहिले ३०. तळाची कडप्पा जमिनीपासून ५ इंचांवर, म्हणजे कप्प्याची उंची २५ इंच. ओव्हनचा दर्शनी भाग ५९५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेवीस इंच. बसला असता की, असं वाटतं. पण हॉबचं पोट आणि त्याला खालून जोडलेला गॅसचा एल्बो, म्हणजे वाकडा जोड, दगडाच्या खाली अडीच इंच लोंबतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पंचवीसमधून अडीच गेले, उरले साडेबावीस. ओव्हन इंचभर जास्त.

शेवटी फरशीकाम करणाऱ्या मिस्त्रींनी मार्ग काढला. तळाची कडप्पा काढली आणि तीच जमिनीपासून २ इंचांवर सिमेंटच्या मसाल्यात पक्की बसवली. आता ओव्हनचा माथा आणि गॅसचा एल्बो यांच्यात २ इंच मोकळी जागा राहते. रुंदीतही उभ्या दोन कडप्प्यांमध्ये साडेएकवीस इंचच होते आणि ओव्हनच्या पुस्तिकेत ५६० मिलिमीटर, म्हणजे बावीस इंच सांगितलेले. एक उभी कडप्पा सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, सरकवावी लागली. दोन दिवस घरभर दगडाची पांढरी धूळ होती. डबे, पीठ, मसाले, सगळं झाकून ठेवा, किंवा सरळ दुसऱ्या खोलीत न्या.

खोलीचं गणित निराळं. ओटा २४ इंच, ओव्हन २२ इंच. मागचे २ इंच हवेसाठी आहेत, तिथे दुसरं काहीही येता कामा नये. आमच्या वायरमनने आधी सोळा अँपिअरचा पॉइंट ओव्हनच्या पाठीमागेच काढायची तयारी केली होती. तसं झालं असतं तर पिनेच्या जाडीमुळे ओव्हन पुढे आला असता, आणि काही बिघडलं तर पिन काढायला अख्खा ओव्हन बाहेर ओढावा लागला असता. पॉइंट शेजारच्या कप्प्यात घेतला आणि त्याचा स्विच ओट्याच्या वर, हात सहज पोचेल असा.

आता गॅसबद्दल. हे जरा सविस्तर लिहिते, कारण हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमची टाकी पूर्वी शेगडीच्या बरोबर खाली असायची, बहुतेक घरांत असते तशी. ओव्हन तिथे आला म्हणजे टाकी हलली. काही जण टाकी शेजारच्या कप्प्यात ठेवून रबरी नळी ओव्हनच्या मागून किंवा माथ्यावरून हॉबला नेतात. मी एका ठिकाणी हे डोळ्यांनी बघितलंय आणि बघून पोटात गोळा आला. ओव्हन दोनशे डिग्रीवर तासभर चालला की त्याच्या पाठीमागची हवा चांगलीच तापते, आणि तिथे रोज गरम-थंड होणारी रबरी नळी दिसतही नाही. आम्ही टाकी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या दाराजवळच्या कप्प्यात नेली. मध्ये भांड्यांची एक ट्रॉली आहे. तिथून हॉबपर्यंत तांब्याची नळी, भिंतीला क्लॅम्प मारून, ओव्हनला कुठेही न शिवता. रबरी नळी आता फक्त टाकीपाशी हातभर आहे, डोळ्यांसमोर. ती पाच वर्षांनी बदलायची असते, म्हणून तारीख कप्प्याच्या दाराच्या आतून लिहून ठेवली. टाकीच्या कप्प्याच्या दाराला अगदी खाली जाळी आहे. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून भोकं वर पाडून उपयोग नाही. हे सगळं काम एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घेतलं, साबणाच्या पाण्याने जोड तपासून घेतले.

वायरिंगकडे येऊ. २.९ किलोवॅट म्हणजे साधारण साडेबारा अँपिअर. घरातल्या जुन्या पॉइंटवर मिक्सर चालतो म्हणून ओव्हनही चालेल, असं होत नाही. मीटरपासून चार एमएमची तांब्याची वेगळी वायर ओढली, वेगळा एमसीबी लावला. मीटरवरचा मंजूर भार कमी होता, तो वाढवून घेतला. आर्थिंग मात्र आमच्याकडे दुर्लक्षित होतं. वायरमनने तपासलं तर नावापुरतंच. मीठ-कोळसा घालून नवा खड्डा केला. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओलसर असते तोवर ठीक, पण मार्च-एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आर्थिंग कमजोर होतं. उन्हाळाभर दर आठ-पंधरा दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम मुलीकडे दिलंय. धातूच्या दाराला ओल्या हाताने हात लागणारच, त्यामुळे इथे काटकसर करू नका.

तोडफोड, दगड, वायर, आर्थिंग, तांब्याची नळी, सगळं मिळून साडेचौदा हजार गेले. ओव्हनच्या किमतीत हे कुणी धरत नाही, तुम्ही धरा.

आता वापराचं.

या ओव्हनला दोन पंखे आहेत, आणि दुकानात दोन्हींची गल्लत करतात. एक आत, गरम हवा फिरवणारा. दुसरा वर, ओव्हनचं अंग थंड ठेवणारा, जो दार आणि बटणांच्या मधल्या फटीतून गरम हवा पुढे फेकतो आणि ओव्हन बंद केल्यावरही काही वेळ चालत राहतो. हॉबखाली ठेवायचा असेल तर हा दुसरा पंखा असलाच पाहिजे. आमच्या हॉबच्या पुस्तिकेतही तसं छापलेलं आहे. पंखा चालू असतो तोवर वरचा ग्रॅनाइट कोमट होतो, इतकंच. शेजारी दोन बर्नर चालू असले तरी हॉबची बटणं धरता येतात.

पण लाइट गेली की तो पंखा थांबतो. ऑक्टोबरमध्ये केक अर्ध्यावर असताना वीज गेली. आतले एकशेऐंशी डिग्री आतच, हवा फिरायला काही नाही. वीस मिनिटांनी ओट्यावर हात ठेवला तर चटका बसला. इन्व्हर्टरवर हा चालणं शक्य नाही. तेव्हापासून लाइट गेली की मी ट्रे बाहेर काढते आणि दार पूर्ण उघडते. अर्धवट उघडं ठेवू नका, त्याने गरम हवा सरळ बटणांवर आणि ओट्याच्या कडेवर चढते. शिवाय स्विचही बंद करते. आणखी एक त्रास म्हणजे लाइट परत आल्यावर याचं घड्याळ शून्यावर लुकलुकत राहतं, आणि वेळ लावल्याशिवाय ओव्हन तापतच नाही. पहिल्यांदा मला वाटलं बिघडला. आपल्या भागात साधा फिरवायचा टायमर असलेला ओव्हन जास्त बरा, हे माझं आताचं मत.

दाबही बघा. उन्हाळ्यात दुपारी सगळीकडे कूलर सुरू झाले की आमच्याकडे दाब २०० व्होल्टपर्यंत उतरतो. २३०ला जेवढी उष्णता मिळते तिच्या तीन चतुर्थांशच मग मिळते. थंडीत बारा मिनिटांत तापणारा ओव्हन एप्रिलच्या दुपारी वीस मिनिटं घेत होता. आणि पारा त्रेचाळीसवर असताना त्या खोलीत कोण उभं राहणार? मार्चपासून मी ओव्हन सकाळी सहाच्या आत लावते. तेव्हा दाबही पुरा असतो.

केकसाठी म्हणून घेतला होता. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त काम शेंगदाण्याचं झालं. कढईसमोर अर्धा तास उभं राहून, धूर खात, तरी निम्मे करपलेले आणि निम्मे कच्चे, हे माझ्या आयुष्यातून गेलं. किलोभर शेंगदाणे ट्रेमध्ये एका थरात, १६० डिग्री, बावीस-पंचवीस मिनिटं, मध्ये दोनदा हलवायचे. रंग हवा त्याच्या किंचित आधीच काढायचे, कारण बाहेर काढल्यावरही ते आपल्या उष्णतेने भाजत राहतात. मीटरचा आकडा आधी-नंतर बघितला, एक युनिटही लागलं नाही. जवस आणि कारळही असेच होतात, फक्त आतला पंखा बंद ठेवून, नाहीतर कारळ उडून कोपऱ्यात जमा होतं.

दिवाळीत येसर भाजला. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळ्या ट्रेमध्ये, प्रत्येकाची वेळ वेगळी. खडा मसाला मात्र आत्याबाईंनी कढईतच तेलावर परतला, आणि ते बरोबरच होतं, त्याचा वास ओव्हनमध्ये तसा येत नाही. दळून आमटी केली तेव्हा आत्याबाई दोन घास जेवून म्हणाल्या, "धान्य सारखं भाजलंय बघ, कुठंच करपट लागंना." त्यांच्याकडून हे ऐकायला मला फार बरं वाटलं. चाळीस वर्षं त्यांनी चुलीवर आणि गॅसवर हे काम केलंय.

नानकटाई लहानपणी आम्ही भट्टीवर करून आणायचो. पीठ, साखर, तूप घेऊन जायचं आणि पत्र्याचा डबा भरून परतायचं. आता घरी होते, परभणी मोती ज्वारीचं पीठ निम्मं घालून करते, छान खुसखुशीत लागते. वांग्याचं भरीत मात्र ओव्हनमध्ये करू नका. वांगं शिजतं मऊ, पण जाळाचा वास नाही, आणि त्या वासाशिवाय ते भरीत कसलं? बट्ट्या उत्तम होतात.

जे मला आवडलं नाही तेही लिहिते. ओट्याखालचा ओव्हन म्हणजे प्रत्येक वेळी वाकणं. आमच्याकडे तर तळ जमिनीपासून दोन इंचांवर, दार उघडलं की गुडघ्याच्या खाली. जड, तापलेला ट्रे वाकून बाहेर काढणं मला जमतं. आत्याबाई एकदा प्रयत्न करून थांबल्या. "काय करायलीस हे, मला वाकायलाच येईना," म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखतात, आणि घरात सगळ्यात जास्त भाजायचं ज्ञान त्यांना आहे, त्यामुळे मला याचं खरंच वाईट वाटतं. लहान मूल असेल तर दाराची काच तापते हेही लक्षात घ्या. फरशी आता बादलीने धुता येत नाही, ओव्हनपुढे ओल्या फडक्यानेच पुसावी लागते. मागच्या हवेच्या वाटेला जाळी लावायला आम्ही विसरलो होतो आणि जानेवारीत उंदीर आत शिरला. वायर वाचली. जाळी जरा मोठ्या भोकांची लावा, अगदी बारीक लावली तर तुपकट धूळ बसून हवाच अडते. आणि ओट्याखालचा जो मोठा कप्पा गेला, त्यात आमची ज्वारीची कोठी होती. ती आता बैठकीत आहे.

मागच्या महिन्यात सेलूच्या जाऊबाईंचा फोन आला, त्यांनाही असाच हवाय, हॉबच्या खाली. मी टेप घेऊन गेले. त्यांचा ओटा ३० इंचच आहे. दोन इंच दगड, दोन इंच तळ, अडीच इंच हॉबचं पोट, साडेतेवीस ओव्हन, बेरीज बरोबर तीस. हवेला एक सूतही नाही. मी स्पष्ट नको म्हटलं. मग त्यांच्या फ्रिजशेजारचं भिंतीतलं जुनं फडताळ मोजलं, रुंदी-खोली दोन्ही पुरतात, मागून हवेला वाट काढता येते आणि ट्रे छातीच्या उंचीवर येतो. सोमवारी मिस्त्री जाणार आहेत. आत्याबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग औंदाचा येसर सेलूलाच भाजू."