भरतपूर की बऱ्हाणपूर-असीरगड-हतनूर? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

भुसावळला इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की रावेर मागे पडतं आणि तासाभरात बऱ्हाणपूर येतं. तिथे न उतरता त्याच मार्गाने पुढे साधारण नऊशे किलोमीटर गेलात की मथुरा, आणि मथुरेहून रस्त्याने चाळीसेक किलोमीटरवर भरतपूर. दिवाळी सरली की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं, "पोरांना किल्ला दाखवायचा आहे, पक्षीही दाखवायचे आहेत, कुठे जाऊ?" मी दोन्हीकडे गेलो आहे, भुसावळजवळच्या हतनूर धरणावर तर दर हिवाळ्यात जातो. म्हणून जे दिसलं ते समोरासमोर ठेवतो.

आधी पक्षी, कारण फरक तिथेच सर्वांत मोठा आहे.

भरतपूरचं केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. १९८१ साली त्याचा पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत समावेश झाला आणि १९८५ साली ते जागतिक वारसा स्थळ ठरलं. साडेतीनशेहून जास्त जातींचे पक्षी तिथे नोंदले गेले आहेत. पण जाणाऱ्याच्या दृष्टीने या आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते अंतर. नाक्यापासून केवलादेवाच्या देवळाकडे सरळ, झाडीचा रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंना उथळ पाणी आहे. बाभळीवर चित्रबलाकांची घरटी असतात, पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, तिरंदाज मान वर काढून पोहत असतो. हे सगळं इतकं जवळ की लहान मुलाला दुर्बीण धरता आली नाही तरी बिघडत नाही. स्वतःची गाडी आत नेता येत नाही. पायी, भाड्याच्या सायकलवर किंवा रिक्षाने फिरायचं. रिक्षावाल्यांपैकी कित्येकांनी पक्षी ओळखण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आहे. भाडं आधी ठरवून घ्या आणि मग त्यांच्या नजरेवर विश्वास ठेवा. झाडाच्या ढोलीत चिकटून बसलेलं पिंगळ्याचं जोडपं मला त्यांच्यातल्याच एकाने दाखवलं. मी तिथून तीनदा गेलो होतो.

हतनूरचं तसं नाही. ४१ दरवाज्यांच्या या धरणामागे तापी आणि पूर्णेचं पाणी पसरलेलं असतं आणि पक्षी त्या पसाऱ्यात लांब बसतात. चांगदेव-मेहूणच्या बाजूने काठावर उतरलात की डिसेंबरात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि मोठ्या लालसरीचे थवे दिसतात, पण दुर्बिणीशिवाय ते ठिपकेच. नाका नाही, वाटाड्या नाही, सावली नाही. सूर्य वर यायच्या आत पोहोचावं लागतं. तरीही मी तिथे जातो, कारण मागे चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ, समोर संगम आणि शेजारी केळीच्या बागांवरचं दव असं दृश्य दुसरीकडे नाही. पण पहिल्यांदाच पक्षी बघणारं दहा वर्षांचं पोर तिथे अर्ध्या तासात कंटाळतं, हे मी माझ्या घरातच पाहिलं आहे.

आपल्या भागाला पक्ष्यांच्या बाबतीत कमी लेखू नका, एवढं मात्र सांगतो. १८८४ नंतर कुणाच्या खात्रीने नजरेस न पडलेला रानपिंगळा १९९७ साली पुन्हा सापडला तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी.

आता किल्ले. इथे पारडं फिरतं, निदान डोळ्यांपुरतं.

सह्याद्री-सातपुड्यातले गड बघून तयार झालेली आपली नजर भरतपूरच्या लोहागडावर आधी निराश होते. डोंगर नाही, चढ नाही. सपाट जमिनीवर खंदक, त्यामागे तट, आत वस्ती आणि सरकारी संग्रहालय. हा किल्ला कळायला त्याची गोष्ट माहीत असावी लागते. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलने बांधलेल्या या किल्ल्याचं बळ मातीच्या जाड तटात होतं. तोफेचा गोळा दगडी भिंत फोडतो, मातीत तो नुसता रुतून बसतो. १८०५ साली यशवंतराव होळकर आश्रयाला आले असताना इंग्रज सेनापती लेक याने या तटावर चार हल्ले चढवले. चारही फसले आणि त्याचे तीन हजारांहून अधिक सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. शेवटी तह झाला. किल्ला पडला तो १८२६ च्या जानेवारीत. त्या वेळी इंग्रजांनी येताक्षणी बांधाचा ताबा घेऊन खंदकात पाणी सोडण्याची वाटच बंद केली आणि मग तटाखाली सुरुंग लावले. घनाची तळी भरतात तीही सूरजमलच्याच काळातल्या अजान बांधाच्या पाण्यावर. म्हणून किल्ला आणि पक्षी ही तिथे दोन वेगळी ठिकाणं वाटत नाहीत.

शिवाय मराठी माणसाचे पाय तिथे अडखळतात. पानिपतानंतर, १७६१ साली, उपाशी आणि जखमी अवस्थेत परतणाऱ्या मराठ्यांना सूरजमल आणि राणी किशोरी यांनी अन्न, वस्त्र, आसरा दिला. त्याआधी सात वर्षं, १७५४ मध्ये, मराठ्यांनीच जवळच्या कुम्हेरला वेढा घातला होता. त्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर मारले गेले. त्यांची छत्री कुम्हेरजवळ गांगरसोलीला आहे. पुढे डीगचा जलमहाल, त्याची कारंजी आणि बागा. एक दिवस कुम्हेर-डीगसाठी ठेवाच.

असीरगड मात्र बघताक्षणी गड वाटतो. बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर. एकाआड एक तट, वर तळी, महादेवाचं देऊळ आणि अश्वत्थामा अजून तिथे येतो ही लोकांची श्रद्धा. दख्खनचा दरवाजा म्हणतात ते उगाच नाही, वर उभं राहिलं की उत्तरेची वाट कशी अडवली जात असेल ते कळतं. अकबराने १६०१ मध्ये तो घेतला आणि फारुकींची खान्देशची सत्ता संपली.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकींच्या काळी खान्देशची राजधानी तेच होतं. शाही किल्ल्यातला चित्रांचा हमाम (स्नानगृह), संस्कृत शिलालेख असलेली जामा मशीद आणि तापीपलीकडचा आहुखाना, म्हणजे जुनं हरणांचं उद्यान, बघा. १६३१ साली मुमताज याच शहरात वारली आणि आधी आहुखान्यात दफन झाली. १६१५ चा कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालून शहराला पाणी आणणारी विहिरींची रांग, लिफ्ट चालू असेल तर चुकवू नका. मावा जलेबी वेगळी सांगायला नको.

निवडताना तीन गोष्टी बघा.

पहिली, पाऊस. राजस्थानात कमी पडला तर घना कोरडा राहतो आणि मग एवढ्या लांब जाऊन चरणाऱ्या नीलगायी बघाव्या लागतात. आधी तिथल्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून पाण्याचं विचारा. दुसरी, धुकं. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत तिकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात आणि सकाळी दहापर्यंत तळ्यावर काही दिसत नाही. नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी बरा. तिसरी, बरोबर कोण आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला असीरगडापेक्षा घना सोपा, सगळं सपाट आणि बसायला रिक्षा. मात्र रात्रभराचा प्रवास तिला झेपायला हवा.

दोनच दिवस असतील तर विचार करत बसू नका. पहाटे हतनूर, दुपारी बऱ्हाणपूर, तिथेच मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी असीरगड. पाच दिवस मिळत असतील आणि पाऊस बरा झाला असेल तर मी भरतपूरच म्हणेन, फक्त पक्ष्यांसाठी जायचं असलं तरी.

एक ठिकाण मात्र मुलांना वेगळं दाखवा. केवलादेवाच्या देवळाजवळ दगडात शिकारींचे आकडे कोरले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. सायबेरियन क्रौंच तिथे शेवटचे दिसले २००१-०२ च्या हिवाळ्यात. माझ्या मुलीने तो आकडा दोनदा वाचला आणि परत येताना गाडीत विचारलं, हतनूरला आपण किती मोजले होते?