'पीकी ब्लाइंडर्स' की 'डेडवुड'?

मावसभावाने विचारलं, दिवाळीच्या सुट्टीत यातली कुठली बघू? दोन्ही मालिका ३६ भागांच्या, त्यामुळे वेळेचा हिशेब सारखाच. फरक पडतो तो दुसरीकडेच.

'पीकी ब्लाइंडर्स' सुरू होते १९१९च्या बर्मिंगहॅममध्ये. पहिल्या महायुद्धातून परतलेला टॉमी शेल्बी, घोड्यांवरचा सट्टा, धूर, काजळी. पहिल्याच भागात पकड घेते. इतिहास मात्र सैल आहे: त्या नावाची खरी टोळी १८९०च्या सुमाराची आणि शेल्बी कुटुंब काल्पनिक.

'डेडवुड' १८७६ची, अमेरिकेतल्या डकोटातली. तहाने लकोटा या मूळनिवासी लोकांची ठरलेल्या जमिनीवर सोन्यासाठी बेकायदा उभी राहिलेली वस्ती. गुत्तेवाला अल स्वेरेंजन, शेरीफ सेथ बुलक ही माणसं खरोखर होऊन गेली. देवीची साथ येते तेव्हा गावचे कर्तेसवरते स्वेरेंजनच्या गुत्त्यात जमतात आणि मध्ये डबाबंद पीचच्या फोडी ठेवल्या जातात. शासन कसं जन्माला येतं, ते त्या एका बैठकीत दिसतं. मला हे दृश्य फार मोलाचं वाटतं.

भाषा दोन्हीकडे अवघड, सबटायटल्स लावाच. 'डेडवुड'मधली वाक्यं लांब, वळणावळणाची आणि शिव्या अखंड. घरात मुलं असताना लावू नका. शिवाय ती तिसऱ्या सीझननंतर अर्धवट तुटली, शेवट २०१९च्या चित्रपटात मिळतो.

दिवसभराच्या कामानंतर वेगवान कथानक हवं असेल तर 'पीकी ब्लाइंडर्स'. फोन बाजूला ठेवून, एका वेळी एकच भाग बघायची तयारी असेल तर 'डेडवुड'. भावाला मी 'डेडवुड'च सुचवली.