झिंकच्या गोळ्या आणि चिरलेले ओठ

ओठ लाल होऊन सुजणे आणि तोंडाचे दोन्ही कोपरे चिरणे हा त्रास थंडी सरली तरी थांबेना, तेव्हा रक्तातील झिंक कमी आढळल्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांनी मला 20 मिलिग्रॅमच्या झिंक सल्फेटच्या गोळ्या लिहून दिल्या. तोवर तूप, लोणी आणि तीन प्रकारचे लिप बाम लावून झाले होते. पाण्यात विरघळणारी ही गोळी एरवी लहान मुलांना जुलाबात ओआरएससोबत देतात. चव गोडसर असली, तरी धातूचा तुरटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. उपाशीपोटी घेतली त्या दिवशी चांगलेच मळमळले, जेवणानंतर घेऊ लागल्यावर तो त्रास गेला. तिसऱ्या आठवड्यात भाकरीचा घास घेताना कोपरा पहिल्यांदाच फाटला नाही.

पाकिटाबद्दल मात्र तक्रार आहे, कारण चार गोळ्या कापून घेतल्या की मुदतीची तारीख दुकानदाराकडच्या तुकड्यावरच राहते. शिवाय लोह किंवा रायबोफ्लेविनची (बी-2 जीवनसत्त्वाची) कमतरता आणि बुरशीचा संसर्ग यांनीही ओठांचे कोपरे असेच चिरतात, आणि झिंक जास्त प्रमाणात दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील तांबे घटते. त्यामुळे तपासणीशिवाय ही गोळी घेण्याचा सल्ला मी देणार नाही.